सगळ्यांचं कपाट, आणि फाडलेली पानं

तुमचा प्रश्न मी असा समजले. बडोद्याच्या मांजलपूरमधल्या तुमच्या सोसायटीत क्लबहाउसच्या भिंतीला लागून तुम्ही एक उघडं कपाट ठेवलं. स्वतःची आणि मित्रांची मिळून दोनशेच्या आसपास मराठी, गुजराती, इंग्रजी पुस्तकं त्यात लावली. ‘हवं ते न्या, वाचून परत ठेवा, जमलं तर एखादं आणून द्या’ अशी पाटीही लावली. दोन वर्षांत चांगल्या कादंबऱ्या गेल्या, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतली पानं ब्लेडने कापली गेली, साप्ताहिकांतली शब्दकोडी पेनने भरली गेली. भर पडली ती इंजिनिअरिंगच्या जुन्या पुस्तकांची आणि कुणाच्या तरी सीएच्या नोट्सची. आता तुम्ही विचारता आहात की फुकट आणि सगळ्यांचं असलं की आपले लोक त्याची नासधूस का करतात? कपाटाला कुलूप लावावं, कॅमेरा बसवावा, दंड घ्यावा, की हे बंदच करून टाकावं?

मी बडोद्यात सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर सोसायट्यांना, मंडळांना, शाळांना छोटी वाचनालयं लावून द्यायला मदत करते. त्यामुळे तुमचा वैताग मला परका नाही. फाडलेलं पुस्तक हातात आलं की आजही पोटात तुटतं. तरीही ‘आपले लोक असे का’ या प्रश्नापासून सुरुवात करू नका असं मी कळकळीने सांगेन, कारण त्याचं उत्तर मिळालं तरी करण्यासारखं हाती काहीच लागत नाही. लोक बदलून आणता येत नाहीत. कपाटाची व्यवस्था बदलता येते.

तुमच्या एका प्रश्नात खरं तर तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तक नेऊन परत न आणणं ही एक, पुस्तकाला इजा करणं ही दुसरी, आणि स्वतःहून काही न देणं ही तिसरी. तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नसतात आणि तिन्हींची कारणंही वेगळी असतात. पानं कापणारा बहुधा विद्यार्थी असतो. कादंबरी घरी ठेवून घेणारी व्यक्ती बहुधा तुमची सगळ्यात चांगली वाचक असते. काहीच न देणारे बाकी सगळे. यांना एकाच पाटीने, एकाच कुलपाने आवरायला गेलं की जो वाचतो तोच आधी दुखावतो.

आधी इजेबद्दल बोलते, कारण त्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

फाटलेलं पुस्तक आलं की मी पहिल्यांदा बघते ते कुठलं पान गेलं आहे. नुसता नासधुशीचा आनंद घेणारा माणूस कुठलंही पान फाडेल. प्रत्यक्षात पानं ठरावीक ठिकाणचीच जातात. तलाठीच्या किंवा जीपीएससीच्या (गुजरात लोकसेवा आयोगाच्या) मार्गदर्शकातली गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेची पानं. पाककृतीच्या पुस्तकातलं एखादं नेमकं पान. प्राणी, किल्ले, स्वातंत्र्यसैनिक यांची रंगीत चित्रं, तीही शाळांच्या प्रोजेक्टच्या दिवसांत. गुजराती वर्तमानपत्रांत भेटवस्तूंच्या योजना सुरू झाल्या की रोजच्या अंकातलं कुपन सकाळी नऊच्या आत कातरलेलं असतं, आणि त्यामागच्या पानावरची बातमी दुसऱ्या वाचकाला अर्धीच वाचायला मिळते. फाडलेलं पान हा माझ्या लेखी न लिहिलेला तक्रार अर्ज आहे. काय हवं होतं, किती तातडीने हवं होतं आणि आपल्याकडून ते मिळण्याची सोय कशी नव्हती, हे सगळं त्यात असतं.

परीक्षेचंच उदाहरण घ्या. पुस्तक एक, परीक्षा पंधरा दिवसांवर, आणि तयारी करणारी मुलं आठ. त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की आज हे पान मला मिळालं नाही तर उद्या ते इथे नसेल, कारण दुसऱ्याने तरी कापलेलंच असेल. अशा वेळी पहिलं ब्लेड चालवणारा स्वतःला चोर समजत नाही, आपण फक्त मागे पडलो नाही असं समजतो. मोठ्या वाचनालयांत हेच थोड्या वेगळ्या रूपात दिसतं. मुलं संदर्भग्रंथ चोरत नाहीत, तो भलत्याच कपाटात, भलत्याच पुस्तकांच्या मागे लपवून ठेवतात, म्हणजे उद्या पुन्हा तो आपल्यालाच सापडावा. टंचाई आणि पुढच्या माणसावरचा अविश्वास एकत्र आले की सभ्य घरातली मुलंही असं करतात.

यावर उपदेशाचा उपयोग झालेला मी पाहिला नाही. टंचाई कमी केली की मात्र होतो. परीक्षेची पुस्तकं उघड्या कपाटात ठेवूच नका. क्लबहाउसमध्ये एक टेबल, वर बरा दिवा, आणि ‘लागणाऱ्या पानांचा फोनने फोटो काढा, पुस्तक इथेच राहू द्या’ अशी स्पष्ट परवानगी, एवढ्याने ब्लेडचं काम निम्म्याहून कमी होतं. बऱ्याच ठिकाणी नेमकं उलट असतं. फोटोला मनाई असते, झेरॉक्स लांब असते, आणि मग पान जातं. शिवाय नवी आवृत्ती आली की जुनं मार्गदर्शक ‘घेऊन जा, परत करू नका’ म्हणून देऊन टाका. प्रोजेक्टवाल्या मुलांसाठी जुन्या मासिकांचा एक खोका वेगळा ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा की यातलं काय हवं ते कापा. कातरायला परवानगी असलेली जागा दिली की मुलं बाकीच्या पुस्तकांना हात लावत नाहीत, हे मी वाचनालयात पाहिलं आहे आणि शाळांतही. कुपनांसाठी आम्ही सरळ पाळी लावली होती. अंक दिवसभर फाइलला, आणि संध्याकाळी ज्याची पाळी त्याला कुपन आम्हीच कापून देणार. भांडणं थांबली आणि सकाळची बातमीही शाबूत राहू लागली.

आता परत न येणाऱ्या पुस्तकांबद्दल. इथे दोन आकडे हाताशी हवेत: किती पुस्तकं गेली आणि किती वेळा दिली गेली होती. केंद्र सरकारच्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये (२०१७, नियम २१५) ग्रंथालयांसाठी तरतूद आहे की वर्षभरात दिल्या-वापरल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी धरावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. एक हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर चौकशी व्हायलाच हवी. हा नियम तुमच्या कपाटाला लागू नाही, पण त्यामागचा विचार तुम्हाला उपयोगी आहे. जिथे पगारी माणूस आहे, नोंदवही आहे, शिक्का आहे, तिथेही काही पुस्तकं जाणारच हे सरकारनेसुद्धा गृहीत धरलं आहे. तुमची दोनशे पुस्तकं प्रत्येकी दहा वेळा फिरली असती, तर दोन हजार देवघेवींमागे दहा पुस्तकं जाणं मी मनाला लावून घेतलं नसतं. तुमची हानी त्याहून बरीच जास्त दिसते. पण नोंदच नसल्यामुळे एखादी कादंबरी पहिल्याच आठवड्यात गेली की पंधरा घरं फिरून सोळाव्या घरी अडकली, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. दुसरा प्रकार असेल तर त्या पुस्तकाने आपलं काम केलं, असं मी म्हणेन.

पुस्तक घरी का राहतं? चोरायचं म्हणून नेणारे फार थोडे. नेणाऱ्याला परतीची तारीख नसते, पुढे कुणी वाट पाहत आहे हे दिसत नसतं, आणि ते परत ठेवलं की नाही हे कुणी विचारणार नसतं. उघड्या कपाटातून उचललेलं पुस्तक घरच्या टीपॉयवर गेलं की आठवड्याभरात ते घरचंच होतं. त्यावर तुमचा शिक्का नाही, चिठ्ठी नाही. दिवाळीच्या साफसफाईत ते हाती येतं तेव्हा कुणाचं हेही आठवत नाही, आणि सहा महिने झाल्यावर परत न्यायची लाज वाटते. लाजेने अडकलेली पुस्तकं अप्रामाणिकपणाने गेलेल्या पुस्तकांपेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणून परत करायची एक अशी जागा हवी जिथे कुणी बघत नसतं. जिन्याखाली ठेवलेली, वर फट असलेली एक पेटी पुरते.

‘सगळ्यांचं ते कुणाचंच नाही’ असं तुम्ही लिहिलं आहे. या विचाराला अभ्यासकांकडून मोठं बळ मिळालं ते १९६८ मध्ये. गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांनी गायरानाचं उदाहरण देऊन मांडलं की कुरण सगळ्यांना मोकळं असेल तर प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो आणि शेवटी कुरणच संपतं. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासिकेने स्वित्झर्लंडमधली डोंगरावरची कुरणं, स्पेनमधले पाटाच्या पाण्याचे समूह, जपानमधली गावकीची रानं अशा शेकडो वर्षं टिकलेल्या सामायिक व्यवस्था तपासल्या आणि दाखवलं की जिथे वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले आणि स्वतःच राखण ठेवली तिथे कुरण संपत नाही. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या विषयातलं एखाद्या स्त्रीला मिळालेलं पहिलं. हार्डिन यांनीही नंतर मान्य केलं की आपण म्हणत होतो ते राखण नसलेल्या कुरणाबद्दल खरं आहे. तुमचं कपाट आज असं राखण नसलेलं कुरण आहे. त्यात लोकांचा दोष आहेच, पण तो दुसरा नंबर.

आणि राखण म्हणजे काय हे समजून घ्यायला आपल्याला स्वित्झर्लंडला जायची गरज नाही. बडोद्यातल्या मराठी घरांत दिवाळी अंक फिरवायची पद्धत तुम्ही पाहिली असेल. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, प्रतापनगर भागांत ती चांगली रुजलेली होती, काही गटांत अजून आहे. दहा-बारा घरं एकत्र येतात. प्रत्येक घर दोन अंक विकत घेतं, आणि ते एकसारखे येऊ नयेत म्हणून आधीच वाटून घेतलेलं असतं. प्रत्येक अंकाच्या आतल्या पानाला एक कागद डकवतात, त्यावर घरांची नावं क्रमाने, शेजारी तारीख. चार दिवस ठेवायचं, आपल्या नावावर काट मारायची, पुढच्या घरी पोचवायचं. होळीपर्यंत सगळे अंक सगळ्यांचे वाचून होतात. शेवटी ज्याचा अंक त्याच्याकडे परत येतो, किंवा गठ्ठा बांधून वाचनालयाला दिला जातो.

या अंकांतलं पान कुणी फाडल्याचं मला आठवत नाही. माणसं तीच आहेत. त्यातलीच काही वाचनालयातल्या अंकातल्या शब्दकोड्यात पेनाने अक्षरं भरून ठेवायची. मग फरक कशामुळे पडतो? एक तर आत येण्याआधीच प्रत्येकाने काहीतरी घातलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्याचा अंक हाती असताना आपलाही अंक कुणाच्या तरी हाती आहे हे विसरता येत नाही. दुसरं, पुढचा वाचक नावानिशी समोर असतो. ‘सगळे’ असा कुणी तिथे नसतो, बर्वेकाकू असतात, आणि पाचव्या दिवशी त्यांचा फोन येतोच, “वहिनी, अंक झाला का वाचून? माझा नंबर आहे.” तिसरं, चुकलं तर शिक्षा लहान आणि चढती. एकदा उशीर झाला तर फोन. सारखाच होत असेल तर पुढच्या वर्षी नाव यादीत खाली जातं. कुणाला गटातून काढलेलं मी क्वचितच पाहिलं. ऑस्ट्रॉम यांनी टिकलेल्या व्यवस्थांची जी लक्षणं नोंदवली, त्यांत सदस्य कोण ते स्पष्ट असणं, राखण वापरणाऱ्यांनीच करणं आणि शिक्षा हळूहळू चढवणं ही तिन्ही आहेत. आपल्या काकू-वहिनींनी ती कुणी न सांगता बसवली.

घालणं आणि सांभाळणं यांचा हा संबंध बडोदे संस्थानाने फार पूर्वी ओळखला होता. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयांचं खातं उभं केलं आणि राजवाड्यातला स्वतःचा ग्रंथसंग्रह त्याचा पाया म्हणून दिला. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेला असाल तर लोखंडी मांडण्यांमधल्या काचेच्या जमिनी पाहून थक्क झाला असाल. मला त्याहून मोलाची वाटते ती गावोगावच्या वाचनालयांची योजना. सरकारने ती सरसकट फुकट वाटली नाहीत. गावाने वर्गणी काढून काही रक्कम उभी करायची, तेवढीच प्रांत (म्हणजे जिल्हा) पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. म्हणजे एक तृतीयांश वाटा गावाचा. वाचायला मात्र पैसे नाहीत, ते सर्वांना मोकळं. गरीब गावाला हे कठीण गेलं असणार, आणि अशा गावांसाठी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या होत्याच, त्यांच्या वाहतुकीचा खर्च सरकार करायचं. पण ज्या गावाने वर्गणी काढली त्याला ते वाचनालय वरून पडलेलं वाटलं नसेल. त्याच्याही आधी, १९०६ पासून, मोतीभाई अमीन चरोतरात (आजच्या आणंद-खेडा भागात) मित्रमंडळ वाचनालयं काढत होते. तीही लोकांनी आपापसात वर्गणी जमवून, वर्तमानपत्रं आणि पुस्तकं आणून चालवलेली. सरकारी खातं आलं तेव्हा ही सवय काही भागांत आधीच होती.

तुम्ही मात्र कपाट पूर्ण भरून लोकांसमोर ठेवलंत. तुमच्या मनाचा मोठेपणा मला कळतो, पण भरलेल्या कपाटात आपण काय घालायचं हे बघणाऱ्याला कळत नाही.

इथून तिसऱ्या गोष्टीवर येते, लोक देत का नाहीत. मला इथे स्वार्थ फारसा दिसत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा याच सोसायट्यांतली मुलं कमरेएवढ्या पाण्यातून खालच्या मजल्यांवर दूध आणि औषधं पोचवत होती. तिथे काय हवं, कुणाला हवं, किती हवं हे स्पष्ट होतं. ‘जमलं तर एखादं पुस्तक आणून द्या’ यात यातलं काहीच नाही. कुठलं? कुणासाठी? दिलेलं कुणी वाचणार का, की पुढच्या वर्षी रद्दीत जाणार? असा संदिग्ध हात पुढे केला की लोक घरातली नको असलेली वस्तू त्यावर ठेवतात. म्हणून तुम्हाला इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं मिळाली.

मागणं नेमकं करा. ‘तिसरी-चौथीतल्या मुलांसाठी गुजराती गोष्टींची पाच पुस्तकं हवी आहेत, कोण देईल?’ असं विचारलं की कुणीतरी हात वर करतं. आणि आलेल्यातलं जे नको ते नम्रपणे परत करा. ग्रंथालयाच्या धंद्यात हे सगळ्यात अवघड काम आहे, कारण देणाऱ्याचा मान राखायचा असतो. मी सांगायची, “काका, हे चांगलं पुस्तक आहे, पण इथे याला वाचक नाही. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांपर्यंत पोचवू का?” कपाटात धूळ खाणारी पाच पुस्तकं असली की सहावं चांगलं पुस्तक तिथे ठेवावंसं कुणाला वाटत नाही. जे ठेवाल त्याच्या आतल्या पानावर देणाऱ्याचं नाव लिहा, आणि जमेल तेव्हा त्याला कळवा की तुमचं पुस्तक अमक्या फ्लॅटमधल्या मुलीने वाचलं. पुढचं पुस्तक तो मागितल्याशिवाय आणून देतो.

इथपर्यंत मी म्हटलं ते एवढंच की पान टंचाईमुळे जातं, पुस्तक कुणी वाट बघताना दिसत नाही म्हणून घरी राहतं, आणि देणगी नेमकी मागितली नाही म्हणून येत नाही. आता तुमच्या उपायांकडे वळते.

दंड लावू नका. तुम्ही दिवसाला दोन रुपये सुचवले आहेत. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांपैकी काहींनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना थोडा दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी जवळजवळ दुपटीला गेला, आणि दंड काढून टाकल्यावरही पूर्वीसारखा खाली आला नाही. शिक्षिका ताटकळत बसली आहे याचा संकोच होता तोवर लोक वेळेवर येत होते. दंड आल्यावर उशिराला भाव ठरला आणि संकोच गेला. दोन रुपये रोज म्हणजे कादंबरीचं भाडं झालं, आणि ते परवडतं. पगारी माणूस असलेल्या सार्वजनिक वाचनालयात अनामत आणि दंड यांना जागा आहे, कारण तिथे वाचक एकमेकांना ओळखत नाहीत. तुमच्याकडे ओळख आहे, तिचा उपयोग करा.

तुम्ही नंतर लावलेली ‘येथील पुस्तके चोरीला जात आहेत’ ही पाटी आजच काढा. अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. ‘पूर्वी अनेकांनी तुकडे नेले, त्याने जंगल बदललं’ अशा अर्थाच्या पाटीशेजारी खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी आठ टक्क्यांच्या जवळपास गेले. ‘कृपया नेऊ नका’ एवढंच सांगणाऱ्या पाटीशेजारी दोन टक्क्यांहून कमी. तुमची पाटी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते आहे की इथे सगळेच नेतात. त्याऐवजी या महिन्यात किती पुस्तकं परत आली, कुणी कुठलं दिलं, ते लिहा. हे खरं असलं पाहिजे, फुगवू नका. चार आली असतील तर चार लिहा.

कुलूप आणि कॅमेरा यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पुस्तकं वापरण्यासाठी असतात हा ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेला पहिला नियम आम्ही प्रशिक्षणात शिकलो, आणि कुलूप त्याच्या विरुद्ध जातं. किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यातच निम्मे वाचक गळतात. कॅमेऱ्याने कोण आलं ते कळेल. मग तुम्ही काय करणार? तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला बोलावून फुटेज दाखवणार? ती पुन्हा पुस्तकाजवळ येणार नाही, तिचे मित्रही येणार नाहीत. दुर्मिळ किंवा महाग पुस्तकं असतील तर ती या कपाटात मुळात नकोत, एखाद्या जबाबदार वाचनालयाला द्या.

तुमच्या जागी मी कपाट एक महिना रिकामं करीन. पुस्तकं घरी आणीन, निवडीन, प्रत्येकावर सोसायटीचा शिक्का मारीन, एक शिक्का दर्शनी पानावर आणि एक आतल्या ठरावीक पानावर, समजा एकतिसाव्या. ग्रंथालयांत याला गुप्त पान म्हणतात. दर्शनी पान फाडलं तरी पुस्तक कुठलं ते कळतं. आत तारखेची पट्टी चिकटवीन. मग फक्त साठ-सत्तर चांगली पुस्तकं लावीन आणि दोन खण मुद्दाम मोकळे ठेवीन. उघडायची वेळ आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, तासभर, आणि त्या वेळी एक माणूस तिथे हवाच. नोंदवही साधी: नाव, फ्लॅट, पुस्तक, तारीख, आणि शेवटचा रकाना ‘यानंतर कुणाला हवं’. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पुस्तक नेणाऱ्याला पुढचं नाव तिथेच दिसू द्या.

बसायला मुलं घ्या. पाचवी ते आठवीची मुलं ही कामं फार मन लावून करतात. त्यांना पाळी लावायला, शिक्का मारायला, शेजारच्या काकांना “काका, तुमचं पुस्तक मंगळवारी द्यायचं होतं” असं सांगायला आवडतं, आणि मुलाने सांगितलेलं काका ऐकतातही. महिन्यातून एकदा दुरुस्ती ठेवा. मैद्याची खळ, पातळ कागद, कात्री. सेलोटेप वापरू देऊ नका, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद खाते. फाटलेलं पान ज्या मुलाने स्वतः जोडलं आहे ते पुढचं पुस्तक उघडताना पानाचा कोपरा दुमडत नाही. मी हे पाहिलं आहे, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त आनंद देणारी गोष्ट हीच आहे.

यातलं काय चालेल हे परिस्थितीवर अवलंबून आहे. जिथे फ्लॅट बहुतेक भाड्याने दिलेले आहेत आणि दर अकरा महिन्यांनी शेजारी बदलतात, तिथे ओळखीवर उभी केलेली राखण कच्ची राहते. तिथे थोडी अनामत घेणं मला वावगं वाटत नाही, सोडून जाताना ती परत द्या. सोसायटीत आधीच पार्किंगवरून किंवा मेंटेनन्सवरून दोन गट असतील तर पुस्तकांचं काम कमिटीच्या अध्यक्षांनी हाती घेऊ नये, नाहीतर दुसरा गट फक्त त्यासाठी लांब राहील. आणि एखादा खरोखर नेणारा, विकणारा असतोच. त्याच्यासाठी सगळ्यांवर नियम लादू नका. दोघांनी घरी जाऊन, चहा घेता घेता, बाकीच्यांसमोर नाव न काढता त्याच्याशी बोला. ऐकलं नाही तर त्याला नोंदवहीवर पुस्तक द्यायचं थांबवा.

गेलेल्या कादंबऱ्यांसाठी दिवाळीच्या साफसफाईआधी आठवडाभर ती फटीची पेटी जिन्याखाली ठेवा आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकच ओळ टाका: घर आवरताना आपल्या कपाटातलं पुस्तक सापडलं तर पेटीत टाका, कुणी विचारणार नाही. आणि खरंच विचारू नका, आलेल्या पुस्तकांची चर्चाही करू नका.

तुमच्या इमारतीत भाडेकरू साधारण किती आणि पाचवी ते आठवीची मुलं किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, म्हणजे नोंदवही मुलांच्या हाती द्यायची की एखाद्या आजोबांच्या, ते सांगता येईल.